हॅलो... आवाज येतोय का?

फोनला फुल रेंज, तरी समोरचा विहिरीतून बोलतोय! आवाजाला मार्क देतं तरी कोण?

दिवसातून किती वेळा म्हणता हे वाक्य? वाशीच्या खाडीपुलावर लोकलमध्ये, ऐरोलीच्या ऑफिसात लिफ्टबाहेर, बॉसच्या कॉन्फरन्स कॉलवर... रेंजच्या काड्या फुल आणि शब्द मात्र अर्धे! कारण सिंपल आहे. काड्या सिग्नल किती जोरदार ते सांगतात, आवाज किती स्वच्छ ते नाही.

पाचपैकी किती?

टेलिकॉमवाले आवाजाला चक्क मार्क देतात. नाव 'मीन ओपिनियन स्कोअर', लाडाने 'मॉस'. १ म्हणजे बेकार, ५ म्हणजे झकास. मूळ पद्धत अगदी घरगुती वाटेल अशी. माणसांना शांत खोलीत बसवायचं, आवाज ऐकवायचा, मार्क विचारायचे आणि सरासरी काढायची. पण पाम बीच रोडच्या प्रत्येक वळणावर माणसं कुठून बसवणार? म्हणून ड्राइव्ह टेस्ट. गाडीत फोन, लॅपटॉप आणि रेकॉर्ड केलेली वाक्यं. पाठवलेलं वाक्य आणि पोचलेलं वाक्य सॉफ्टवेअर ताडून बघतं. त्यासाठी २००१ मध्ये 'पेस्क' आलं, २०११ मध्ये 'पोल्का'.

चौथी सीट

लँडलाइनच्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट मिळतात. जीएसएम मोबाइल तेच काम १३ मध्ये उरकतो. टॉवरवर गर्दी झाली की 'हाफ रेट', म्हणजे फक्त ५.६! एकाच्या जागेत दोघं. लोकलची चौथी सीटच म्हणा ना... बसायला मिळतं, पण अवघडून.

आपल्या नवी मुंबईने हे सगळे अवतार जवळून पाहिलेत. कोपरखैरण्याच्या नॉलेज सिटीतून रिलायन्स इन्फोकॉमचं देशभरचं नेटवर्क सांभाळलं जायचं. पुढे २०१६ मध्ये जिओ आलं, तेही घणसोलीतून, आणि आवाज थेट फोर-जीवरून जायला लागला. जुना फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पकडायचा. नव्या 'एचडी' कॉलमध्ये तो ७००० पर्यंत जातो. म्हणून 'स' आणि 'फ' वेगळे कळतात. अट एकच, दोन्हीकडे सोय हवी.

मशीनला न कळणारं

गंमत पुढेच आहे. पेस्क फक्त एका दिशेचा आवाज तपासतं. उशिराचे मार्क ते कापत नाही! आवाज एका बाजूने दुसरीकडे १५० मिलिसेकंदांत पोचावा, असा आंतरराष्ट्रीय संघटना आयटीयूचा सल्ला आहे. त्याच्या बराच पुढे गेलं की गप्पांची लय बिघडते. आता महाप्याच्या कॉल सेंटरमधली नाइट शिफ्ट डोळ्यासमोर आणा. अमेरिकेतला कस्टमर थांबला असं वाटून एजंट बोलायला लागते, तोवर त्याचं पुढचं वाक्य येऊन धडकतं. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम गप्प. कस्टमरला वाटतं, पोरगी उद्धट आहे. चूक लाइनची, पण मार्क कुणाचे जाणार?

कॉल ड्रॉपचंही तसंच. २०१५ मध्ये ट्रायने प्रत्येक ड्रॉपला एक रुपया भरपाई ठरवली, मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. पण तुटलेला कॉल निदान मोजता तरी येतो. जो तुटत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याचं काय? तुम्ही वैतागून स्वतःच कट केलात, तर हिशेबात तो ड्रॉप धरलाच जात नाही!

म्हणून २०१७ मध्ये ट्रायने 'मायकॉल' अॅप आणलं. कॉल संपला की ग्राहकाने स्टार द्यायचे. म्हणजे फिरून मामला पुन्हा माणसाच्या कानाशीच.

तेव्हा पुढच्या वेळी कस्टमर केअरला नुसतं 'नेटवर्क नाही' म्हणू नका. जागा सांगा, वेळ सांगा आणि आवाज तुटतोय, घुमतोय की उशिरा येतोय तेही सांगा. एवढ्या माहितीवर इंजिनिअरला बिघाड शोधता येतो. नुसत्या शिव्यांवर नाही!