एका दिवसाची पायी सहल : नाणेघाटाचे उदाहरण

प्राथमिक शाळांच्या वार्षिक सहलींकडे पाहिले असता बहुधा असे आढळते की, मुलांचा निम्म्याहून अधिक दिवस गाडीतच जातो. पहाटे निघावयाचे, चार-पाच स्थळे घाईघाईने उरकावयाची आणि रात्री पेंगुळलेली मुले पालकांच्या स्वाधीन करावयाची, असा हा क्रम असतो. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तर देवळाबाहेरची खेळण्यांची दुकाने तेवढी आठवतात. यात मुलांचा दोष नाही. जे पायांखालून गेले नाही ते ध्यानात राहणे कठीणच असते. म्हणून गाडी केवळ डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाण्याचे साधन समजून उरलेला दिवस एकाच परिसरात पायी हिंडण्यात घालवावा, हा प्रकार अधिक फलदायी ठरतो. पुणे जिल्ह्यातील नाणेघाटाचे उदाहरण त्यासाठी घेण्यासारखे आहे.

जुन्नरपासून घाटघर सुमारे ३० किलोमीटर आहे. वाटेत माणिकडोह धरणाचा जलाशय, चावंडचा किल्ला आणि पूर येथील कुकडेश्वराचे प्राचीन मंदिर लागते. हल्ली गाडी थेट घाटमाथ्यापर्यंत जाऊ शकते. परंतु ती तशी नेऊ नये. घाटघर ओलांडल्यावर सोयीच्या जागी मुलांना उतरवावे आणि तेथून माथ्यापर्यंत चालत न्यावे.

चालणे नुसते चालणे राहू नये यासाठी आठवडाभर आधी शाळेच्या पटांगणात एक लहानसा प्रयोग करावा. दोरीने १०० मीटर अंतर आखून प्रत्येक मुलास नेहमीच्या चालीने ते तीनदा चालावयास लावावे व पावलांची सरासरी काढावयास सांगावे. एखाद्यास १०० मीटरला १९० पावले लागली, तर त्याचा किलोमीटर १,९०० पावलांचा झाला. सहलीच्या दिवशी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून हे गणित ताडून पाहता येते. चढावर पाऊल आखूड पडते व हिशेब चुकतो. तो का चुकला, हे मुले आपण होऊन विचारू लागतात.

घाटमाथ्यावर पोचताच भूगोलाचा धडा समोर उभा राहतो. पूर्वेकडे जमीन मंद उताराची, तर पश्चिमेकडे एकदम तुटलेला कडा व खाली कोकण. शेजारच्या जीवधन किल्ल्याच्या अंगावर खडकाचे आडवे थर स्पष्ट दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरून थिजले, त्यांचे हे थर होत. पावसाचे पाणी येथून दोन दिशांना जाते. पूर्वेस पडलेला थेंब कुकडी, घोड, भीमा व कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळतो. काही पावलांवर पश्चिमेस पडलेला थेंब उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्रास जातो. नकाशावर ‘जलविभाजक’ हा शब्द पाठ करवून जे साधत नाही, ते येथे बाटलीतील थोडे पाणी जमिनीवर ओतून साधते.

माथ्यावरील दगडी रांजण मुलांना फार आवडतो. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात यात टाकीत असत आणि त्यावरूनच नाणेघाट हे नाव पडले, असे लोक सांगतात. हे सांगावयास हरकत नाही. मात्र ‘लोक सांगतात’ हे शब्द गाळू नयेत. कारण माथ्याच्या किंचित खाली, कोकणच्या बाजूस जे लेणे आहे, तेथील गोष्ट निराळ्या प्रतीची आहे. तेथे भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला सातवाहनांचा लेख प्रत्यक्ष आहे. पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी तो निगडित असून इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची मोजदाद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखांच्या वाचनाचे मोठे कार्य केले. मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्यांचे अवशेष तेवढे उरले आहेत. परंतु वर कोरलेल्या नावांमुळे तेथे कोण उभे होते ते कळते. रांजणावर असे काही लिहिलेले नाही. लिहिलेले काय आणि ऐकलेले काय, हा भेद दहा वर्षांच्या मुलास समजावून देण्यास याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल.

या लेखातील अंक गणिताच्या शिक्षकाने आवर्जून दाखवावेत. त्या काळच्या पद्धतीत शून्य नव्हते व स्थानावरून किंमत ठरत नसे. दहा, शंभर, हजार यांना निरनिराळी चिन्हे असत आणि हजाराच्या चिन्हास चाराचे चिन्ह जोडले की चार हजार होत. ४,००० लिहिताना आपण तीन शून्ये सहज देतो, त्यांचे मोल मुलांना तेव्हा उमगते. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पाणी फिरवण्याचा मोह कित्येकांस होतो. तो कटाक्षाने टाळावा.

आता सुरक्षिततेविषयी. या बाबतीत काटकसर किंवा भीड उपयोगाची नाही. जो शिक्षक मुलांना नेणार त्याने ती वाट अगोदर स्वतः चालून पाहिलेली असावी. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, धुक्यात कडा दिसत नाही आणि वाराही विलक्षण असतो. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. कड्यापासून निदान दहा पावलांवर सीमा ठरवून तेथे एक मोठे माणूस उभे करावे. जीवधनची वाट कठीण व फुटक्या पायऱ्यांची आहे. मुलांनी कितीही हट्ट केला तरी प्राथमिक वर्गांस तेथे नेऊ नये. मधमाश्यांची पोळी असू शकतात, म्हणून धूर व आरडाओरड नको. माकडांसमोर डबे उघडू नयेत. घाटात भ्रमणध्वनीवर संपर्क होईलच, असे धरून चालू नये.

दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येकास एक शिक्षक किंवा पालक द्यावा. एक शिक्षक सर्वांच्या पुढे, एक सर्वांच्या मागे. मोजणी गाडीतून उतरताना, लेण्यापाशी, जेवणानंतर व गाडीत बसल्यावर करावी आणि ती नावे पुकारून करावी. नुसती डोकी मोजली, तर एखादे मूल दोनदा मोजले जाऊन दुसरे मागे राहू शकते.

शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी व पालकांची लेखी संमती या गोष्टी शिक्षकांस ठाऊकच आहेत. राज्य परिवहनाची गाडी ठरविताना शालेय सहलींसाठी असलेल्या सवलतीची चौकशी आगारात आधीच करावी. गाडी लागणाऱ्या मुलांस पुढील बाके द्यावीत. मुलींच्या सोयीसाठी थांबा कोठे घ्यावयाचा, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे.

खर्चाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. वर्गणी न आणलेल्या मुलांची नावे वर्गात वाचून दाखविण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती सोडून द्यावी. ज्याचे नाव वाचले जाते, ते मूल घरी पैसे मागत नाही. सहलीच्या दिवशी त्याचे पोट दुखू लागते. अशी घरे कोणती, हे गावच्या शिक्षकास ठाऊक असते. त्यांची वर्गणी शाळा व्यवस्थापन समितीकडून किंवा गावातील एखाद्या दात्याकडून गुपचूप भरून घ्यावी व याद्या लावताना सर्वांची नावे सारखीच लावावीत. भाकरी घरून आणावयास सांगितल्यास खर्च पुष्कळ उतरतो. आणि सर्वांचे डबे एकत्र मांडून वाटून खाल्ले, तर कोणाच्या डब्यात काय होते, हेही उघडे पडत नाही.

दुसऱ्या दिवशी निबंधाऐवजी नकाशा काढावयास द्यावा. गाडी जेथे थांबली तेथपासून लेण्यापर्यंतची वाट, पावलांच्या आकड्यांसह. हे नकाशे एकमेकांशी जुळणार नाहीत. शिक्षकाने ते दुरुस्त न करता भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत व कोणाचे वळण कोठे चुकले, ते मुलांनाच शोधू द्यावे.