अकरा शटरं

सकाळी 6.45
आज शनिवार, म्हणजे हिशेबाचा दिवस. डोळे उघडायच्या आत आकडा डोक्यात हजर: सहा माणसं, मधली खर्ची वजा जाता 33 हजार. खात्यात 9. आणि करंजाड्याच्या एका फ्लॅटचे 1 लाख 84 हजार अडकलेत, फेब्रुवारीपासून. फोन केला की फ्लॅटचे मालक काका म्हणतात, "अहो, ते टाइल्सचं बघा आधी." दोन टाइल्स पोकळ वाजतात, खरं आहे. पण दोन टाइल्सचे 1 लाख 84 हजार होत नाहीत.

8.30
खांदा कॉलनी. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर दोन दिवस पाणी साठवून ठेवलं होतं, खालच्या घरात ओल नाही. बाई खूश. म्हणाल्या, "आता आलाच आहात तर बाल्कनीलाही एक हात मारा ना." या 'आता आलाच आहात तर'नेच करंजाड्यात माझे 60 हजार खाल्ले. वही पुढे केली: जादा काम, दर, सही. बाई जरा बिचकल्या, पण केली. ही अक्कल मला पंधरा वर्षं उशिरा आली.

11.10
पनवेल कोर्टाजवळ वकील मॅडमचं ऑफिस. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्यानं डोक्यात किडा सोडला होता, की तिकडे ठेकेदाराचे पैसे बुडवले तर तो थेट घरावरच हक्क, म्हणजे 'लिएन', नोंदवतो, मग मालकाला घर विकताना घाम फुटतो. मॅडमना हे माहीत होतं. वॉशिंग्टन शहर उभं राहत होतं तेव्हा, 1791 मध्ये, मेरीलँडनं असा पहिला कायदा केला म्हणे.

"मग आपणही बोजा चढवू," मी म्हणालो. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा आमच्या आजोबांनी जन्मभर बघितला. शब्द घरचाच आहे.

"सोसायटीला आजोबांनी गहाण लिहून दिलं होतं. तुम्हाला काकांनी काय लिहून दिलंय?"

कोटेशनवर सहीसुद्धा नाही. व्हॉट्सअॅपवर 'ओके' आणि नमस्काराचे दोन हात.

तेही चालेल, म्हणाल्या, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडायचं. दावा काम संपल्यापासून 3 वर्षांत लावायचा. निकालाआधी घराला जप्ती लावायची तर काका पैसे बुडवायला मालमत्ता विकतायत किंवा हलवतायत, हे कोर्टाला पटवावं लागेल. काका कुठे जातायत? गॅलरीत तुळशीला पाणी घालतायत.

मग त्यांनी विचारलं, "त्यांची एखादी वस्तू तुमच्या ताब्यात आहे?"

आहे. किचनची अकरा शटरं, गाळ्यात. प्लाय-लॅमिनेट काकांनी आणून दिलेलं, मजुरी माझी. मॅडम पहिल्यांदा हसल्या. 1872 चा करार कायदा, कलम 170: दुसऱ्याच्या वस्तूवर कारागिरी केली, तर तिची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. आपल्याकडचा 'लिएन' तो हा. हातातली वस्तू हातात असेपर्यंतच. भिंतीला लागलेली टाइल काकांची झाली, तिच्यावर माझं काही नाही. आणि शटरं अडवायची ती शटरांच्या मजुरीपुरतीच, म्हणजे 22 हजारांसाठी. सगळ्या थकबाकीसाठी माल अडवायची मुभा पुढच्या कलमात बँकांना आहे, सुताराला नाही.

"आणि तुम्हाला?"

"आम्हालाही नाही. फी थकली म्हणून अशिलाची फाइल अडवायची नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2000 मध्येच सांगितलंय." म्हणून त्या नोटिशीची फी आधी घेतात.

दुपारी 2
डबा गाडीतच. हार्डवेअरवाल्याचा फोन आला, मी उचलला नाही. त्याच्यासाठी मीच करंजाड्याचा काका.

4.40
काकांचा फोन. सोमवारी घरी पाहुणे आहेत, शटरं कधी लावताय?

"काका, शटरांची मजुरी 22 हजार. ती आली की लगेच."

"म्हणजे माझाच माल अडवून ठेवणार तुम्ही?"

"मजुरी येईपर्यंत. तसा कायदा आहे, काका."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "आणि टाइल्स?"

"उद्या सकाळी मिस्त्री घेऊन येतो. दोन्ही काढून नव्या बसवतो, पैसे नाही घेणार." हे मी मार्चमध्येच बोलायला हवं होतं.

5.25 ला मोबाइल वाजला. 22 हजार जमा. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मेसेज टाकला: 'शटर मजुरी मिळाली, बाकी येणे 1,62,000.' दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

6.15
टेम्पोत शटरं चढवली. कोपरे घासू नयेत म्हणून मध्ये जुनी पोती घातली. दोरी आवळताना मिस्त्री म्हणाला, "शेठ, दोन ठेवून घेऊ का मागे?"

"नको. बांध सगळी."

7.30
गाळ्यात हिशेब. 22 आणि 9, 31. दोन हजार कमी. मिस्त्रीनं आपल्या पाकिटातले चार पाचशे मोजून परत माझ्या हातात ठेवले आणि वहीत स्वतःच्या नावापुढे स्वतःच लिहिलं: येणे 2000.