ग्रामसभेत आपली मागणी कशी मांडावी?

कब्रस्तानाची पडलेली भिंत, मोहल्ल्यातली तुंबलेली गटार यांवर आपण चहाच्या टपरीवर तासन् तास बोलतो. पण 15 ऑगस्टच्या किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बोलायची वेळ आली की आपली जीभ अडते. याला उपाय एकच, तयारी.

आधी आपली मागणी एका वाक्यात लिहून काढू या. मागणी एकच हवी. पाच सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. आपण मिनिटाला साधारण 100 शब्द बोलतो, म्हणजे 3 मिनिटांना 300 शब्द पुरेत. "फार त्रास होतो" म्हणण्यापेक्षा किती घरांना, किती वर्षांपासून, ते मोजून सांगावे. आधी अर्ज दिला असेल तर त्याची तारीख सांगावी.

घरच्यांसमोर घड्याळ लावून दोन-तीनदा मोठ्याने बोलून पाहावे. ग्रामसभेआधी महिला सभा असते, बहिणींनी तिथेही बोलावे. हातात फक्त मुद्द्यांचा कागद ठेवावा. मध्येच कुणी टोकले तर वाद न घालता थांबावे आणि पुन्हा मागणीवर यावे.

शेवटी ठणकावून सांगावे, "याचा ठराव घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा." टाळ्या घरी पोहोचेपर्यंत विरतात, पुढे पाठपुराव्याला कामी येते ती नोंदच.