जुना मोबाईल किती दिवस काढावा?

ई-पीक पाहणी, बँकेचा ओटीपी, बिल जमा झाल्याचा मेसेज, सारे आता मोबाईलवर आले. ऐन हंगामात फोन बंद पडला की सभासदांची पंचाईत होते. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. आम्ही म्हणतो, आधी दुखणे ओळखा. बहुधा ते बॅटरीतच असते.

बॅटरीचे खोडव्यासारखे आहे, दर फेऱ्याला उतारा घटतो. पुरते १०० टक्के चार्जिंग म्हणजे एक फेरा. ५०-५० टक्के दोनदा केले तरी एकच. पुष्कळ फोनांत सुमारे ५०० फेऱ्यांनी ताकद ८० टक्क्यांवर येते. रोज एक फेरा धरला तर दीड वर्षाच्या आतच! युरोपात २० जून २०२५ पासून नव्या फोनांना निदान ८०० फेऱ्यांची अट आहे.

बॅटरीचा खरा वैरी उष्णता. फोन बांधावर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हात टाकू नये. चार्जिंग २० ते ८० टक्क्यांत राखावे. बॅटरी फुगली तर चार्जिंगला लावू नये, टोचू तर मुळीच नये.

बॅटरी बदलली की चांगला फोन आणखी चालतो. मात्र कंपनीचे सुरक्षा अपडेट बंद झाले असतील, तर त्यावर बँकेचे व्यवहार नकोत. बंधूंनो, उसाचे बिल घामाचे आहे, ते जपा!