शटलवरच्या खुणा

मुरुडच्या बाजारपेठेत शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे मशीन आली की ते आधी डिसमिस हातात घेत नाहीत. आधी पट्टा उतरवतात, मग चाक हाताने, अगदी सावकाश, आपल्याकडे फिरवतात आणि कान देऊन ऐकतात. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची घाई असते, समोर शिवणाऱ्या ताई घाईत असतात, तरी ते चाक भरभर फिरत नाही.

"टाके सोडायलीय मामा, टायमिंग गेलंय म्हणायलेत सगळे."

"टायमिंग आपोआप जात नसतंय ताई. वरचा इस्क्रू कुणी फिरवला का, ते सांगा आधी."

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. टायमिंग म्हणजे सुई आणि तिच्याखाली बॉबिनभोवती फिरणारं शटल यांची भेट. सुई कापडातून खाली जाते, तळाला पोचते आणि साधारण दोन-अडीच मिलीमीटर वर येते. कापडाने दोरा धरून ठेवलेला असल्यामुळे तेवढ्या उचलीत तो नेढ्यापाशी फुगतो आणि छोटासा फास तयार होतो. नेमक्या त्याच वेळी शटलचं टोक नेढ्याच्या जरा वरून त्या फासात शिरलं पाहिजे. लवकर आलं तर फास झालेला नसतो, उशिरा आलं तर तो विस्कटलेला असतो. दोन्हीकडे टाका सुटतोच. बऱ्याच मशिनींच्या सुईच्या दांड्यावर यासाठी दोन बारीक रेघा असतात. सुई तळाला असताना वरची रेघ, दांडा ज्यातून सरकतो त्या बुशच्या खालच्या कडेला येते, आणि सुई वर येताना खालची रेघ त्या कडेला आली की शटलचं टोक सुईच्या मध्यावर हवं. दांडा धरणारा स्क्रू कुणी उगाच ढिला केला की हे सगळं गणित मोडतं.

पण मिस्त्री रेघांकडे लगेच वळत नाहीत. आधी सुई काढून काचेवर लोळवतात. वाकडी असेल तर तिचं टोक डुगडुगतं. मग सुईखालची प्लेट उजेडात तिरकी धरतात. त्या दिवशीच्या प्लेटवर भोकाच्या मागच्या कडेला टाचणीने ओरखडल्यासारखे बारीक ठोके होते, पुढच्या कडेला एकही नव्हता. "मागून कापड ओढता का?" त्यांनी विचारलं. ताई गप्प झाल्या, मग हो म्हणाल्या. कापड सरकवायचं काम प्लेटखालच्या दात्यांचं आहे. हाताने ओढलं की सुई मागे वाकते आणि प्लेटवर आपटते. पुढे तीच सुई शटलच्या टोकावरही आपटते. त्या घरात कधीही न गेलेल्या माणसाने शिवणारीची बसण्याची, हात चालवण्याची सवय लोखंडावरून वाचली होती.

मग शटल बाहेर आलं. तेल आणि कापडाची लव एकत्र होऊन त्यावर काळपट लगदा बसला होता. तो पुसल्यावर खुणा दिसल्या. कडेच्या वळणावर, जिथे शटल आपल्या घरात घासत फिरतं, तिथे एकाच बाजूला आरशासारखी चकाकी होती. तेल पोचत नव्हतं आणि भार एकाच अंगावर पडत होता. टोक भिंगाखाली धरलं तर त्याची धार गेलेली होती आणि कडेला नखाला लागेल एवढी कंगोरी उठली होती. दोरा तुटायचा तो तिथेच. असं टोक झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करता येतं, आणि मिस्त्री करतातही. पण घासलेलं टोक आखूड होतं आणि आखूड टोक फासापाशी उशिरा पोचतं. एकदा घासलं तर चालतं. पुन्हा पुन्हा घासण्यापेक्षा नवं शटल टाकावं, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

शेवटी त्यांनी सुईचा दांडा चिमटीत धरून मागे-पुढे हलवला. बुश झिजून भोक लांबट झालेलं असेल तर दांडा किंचित लचकतो. हाताने फिरवताना अशा मशीनचं टायमिंग बरोबर दिसतं, मोटर लावून पळवलं की चुकतं. जुन्या पायमशिनींना आता घरोघर मोटर बसली आहे, त्यामुळे ही झीज वाढते आहे. बुश न बदलता वरून टायमिंग लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

मिस्त्री सुरुवातीला चाक सावकाश फिरवतात, तशीच कसोटी रिव्हॉल्व्हर तपासणारे आर्मोरर लावतात. घोडा हळूहळू मागे ओढायचा. तो पूर्ण मागे बसायच्या आत गोळ्यांचं चक्र पुढचं घर नळीसमोर आणून खटक्यात अडकलं पाहिजे. झटक्याने ओढलं तर चक्र आपल्या वेगानेच पुढे जाऊन अडकतं आणि दोष लपतो. चक्राभोवती खटका घासल्याची गोल रेघ असते, खाचांच्या कडा ठोकून दबलेल्या दिसतात. जाणकार नळीच्या आत डोकावण्याआधी या खुणा बघतो. तिथली चूक जिवावर बेतते, म्हणून ते काम परवानाधारकाचंच. या दोन यंत्रांचं नातं जुनं आहे. सॅम्युअल कोल्टला रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट 1836 साली मिळालं, एलियस होवेला शिलाई मशीनचं 1846 साली. पुढे बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टनने त्याच कारखान्यात शिलाई मशिनीही बनवल्या.

आज गावोगाव बायका शिलाईवर घर चालवतात. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्यांनाही अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. मशीन घरात येते, शिवणक्लासात कटिंग शिकवतात, पण शटल काढून पुसायला शिकवणारा क्लास मला क्वचितच दिसला. ही मोठी उणीव आहे. घरचा रोजगार ज्या यंत्रावर आहे, त्याची झीज ओळखता येणं कटिंगइतकंच गरजेचं आहे.

तेव्हा मशीन टाका सोडू लागली तर आधी सुई बदला. तिची चपटी बाजू शटलच्या टोकाकडे आहे का आणि ती वरपर्यंत नीट बसली आहे का, ते पाहा. शटलचं घर ब्रशने साफ करा, तेलाचा एक थेंब सोडा. त्याने भागलं नाही तर दांड्याच्या स्क्रूला हात लावू नका. मशीन मिस्त्रींकडे न्या, आणि सोबत तोच दोरा, तेच कापड आणि काढलेली जुनी सुईसुद्धा न्या.