परसात काय लावावे : वाल की चवळी?



उसाचे बिल वर्षाकाठी येते, माळव्याचा खर्च मात्र दर बाजाराला उभा राहतो. ज्या घरची चार-चार एकर जमीन उसाखाली आहे, त्याच घरची पिशवी आठवडी बाजाराला रिकामी जाते आणि पावशेर शेंगांसाठी नोट मोडून परत येते. आपल्या निलंगा भागात हे चित्र आता नवे राहिलेले नाही. पूर्वी ज्वारीच्या रानात तुरीचे, चवळीचे तास धरले जायचे. बांधाच्या बाभळीवर वालाचा वेल चढायचा. ऊस आला, पाट आले, पैसाही आला. पण शेंगा रानातून गेल्या त्या गेल्याच. बाजारात भाव चढला की पहिली काटछाट ताटातल्या भाजीवर होते, आणि तीही बहुधा घरच्या बाईच्या आणि लेकरांच्या ताटातली.

म्हणून या अंकात परसातल्या दोन शेंगवर्गीय भाज्यांचा विचार करू : वाल आणि चवळी. "दोन्ही शेंगाच की हो, त्यात फरक तो काय?" असे कुणी म्हणेल. फरक पुष्कळ आहे. तो ध्यानात न घेता बी टोकले की मग, "वेल लई माजला, पण शेंग काही धरंना," अशी तक्रार येते.

एक आडसाली, एक झटपट

ऊस उत्पादकाला समजेल अशा भाषेत सांगायचे तर वाल हा आडसाली गडी आहे. घाई त्याच्या स्वभावात नाही. आपल्याकडच्या जुन्या वेली वाणांना दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही. जूनमध्ये लावा की जुलैअखेर, फुलोरा दसऱ्याच्या मागेपुढेच. दसरा वाल, दीपाली वाल ही नावे त्यातूनच पडली. एकदा लागला की मात्र थंडीभर, माघ-फाल्गुनापर्यंत शेंगा देतो. हाच वेल कुणी फेब्रुवारीत लावला तर आठ महिने नुसता पाला सांभाळावा लागतो. दोष बियाण्याचा नसतो, वेळेचा असतो.

चवळीचे गणित उलटे. ही मूळची आफ्रिकेतली, त्यामुळे ऊन तिला बाधत नाही. थंडी मात्र सोसत नाही. पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत कोवळी शेंग हाती येते आणि महिना-सव्वा महिना तोडा चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा आणि जून-जुलैत एकदा अशी वर्षातून दोनदा घेता येते. पुसा दोफसली हा वाण दोन्ही हंगामांना चालतो, नावातच ते आले. पुसा फाल्गुनी उन्हाळ्यासाठी, तर पुसा बरसाती पावसाळ्यासाठी.

ज्यांना वाल हवा पण मांडवाला जागा नाही, त्यांच्यासाठी बुटके वाणही निघाले आहेत. दापोली विद्यापीठाचा कोकण भूषण, बंगळूरच्या संस्थेचे अर्का जय आणि अर्का विजय हे झुडपासारखे वाढतात व दिवसाच्या लहान-मोठेपणावर अडून बसत नाहीत. पण दोन-तीन वेलांवर घरभर शेंगा पुरवायच्या तर वेली वालाला तोड नाही.

जागा आणि पाणी

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर निलंगा, औसा, उमरगा भागात नवी गावे वसली. जुन्या गावठाणात माळवदाची घरे भिंतीला भिंत लावून होती. नव्या गावात घराभोवती मोकळी जागा मिळाली. बऱ्याच ठिकाणी तिथे आज गवत आणि भंगार आहे. दोन वालाचे आळे आणि चवळीच्या चार ओळी एवढ्याला ती जागा भरपूर झाली.

पाण्याचे दुखणे आपल्याला कुणी सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा परसबागेला वेगळे पाणी हवे असे आम्ही म्हणत नाही. न्हाणीचे, भांड्याचे, तांदूळ-डाळ धुतल्याचे पाणी तेवढे पुरे. कपड्याच्या सोड्याचे कडक पाणी मात्र एकाच आळ्यात रोज सोडू नये. ते फिरवून द्यावे.

वालाचे मूळ खोल जाते. एकदा काळ्या जमिनीत बसले की पाण्याची पाळी चुकली तरी तो तग धरतो. चवळीही काटक आहे, पण उन्हाळी चवळीला फुलावर असताना ताण बसला तर फूल गळते. दोघींचा एक शत्रू समान : साचलेले पाणी. आपली काळी जमीन पावसाळ्यात चिबडते, म्हणून बी वरंब्यावर टोकावे, खोलगट जागी टोकू नये.

वालाला दोन हात लांब-रुंद आळे करून दोन-तीन टोपली कुजलेले शेणखत घालावे. तीन-चार बिया टोकून जोमदार दोन रोपे ठेवावीत. मांडवाला तुराट्या, बाभळीच्या फांद्या, जुनी तार, काहीही चालते. बुटक्या चवळीला मांडव लागत नाही. दीड फुटावर ओळ आणि वीतभर अंतरावर बी पुरते.

युरियाचा मोह आवरा

घरात उसाचा युरिया पडलेला असतो आणि हात सहज ओंजळभर टाकून जातो. इथेच घात होतो. वाल काय नि चवळी काय, दोघींच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून वेलाला देतात. गाठ फोडून पाहिली आणि आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर कारखाना चालू आहे असे समजावे. वरून युरिया ओतला की गाठी आळसावतात, पाला माजतो आणि फूल लांबते. शेणखत आणि थोडी चुलीची राख यावर काम भागते. पेरताना रायझोबियमचे चवळी गटाचे पाकीट मिळाले तर दोन्ही बियाण्यांना तेच चालते.

पंपाची गोष्ट

ही सूचना सर्वांत महत्त्वाची. उसात रुंद पानाचे तण मारायला आपण टू-फोर-डी फवारतो. वाल आणि चवळी ही रुंद पानाचीच पिके आहेत. शेजारच्या उसातून वाऱ्यावर आलेला तुषारही त्यांना पुरतो. पाने आखडतात, पिळवटतात, शेंडा वाकडा होतो, आणि लोक म्हणतात "रोग पडला." तोच पंप नुसता खंगाळून परसात मारला तरी हाच प्रकार होतो. परसबागेचा पंप वेगळा ठेवा. नसेल तर फवारणीच करू नका.

मावा दोघींवर येतो, कोवळ्या शेंड्यावर काळा थर दिसतो. सुरुवातीला हाताने चोळून टाका, पाण्याचा झोत मारा. पुढे पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. उसाचे कुठलेही औषध या शेंगांवर नको. आज तोडून आज शिजवायची भाजी आहे ही.

ताटातला हिशेब

सुक्या दाण्यात प्रथिने जवळपास सारखीच : शंभर ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम. ज्वारीच्या भाकरीबरोबर हे दाणे आले की दोन्हींचे उणे-दुणे भरून निघते. चवळीची शेंग कोवळीच खुडावी. एक-दोन दिवस मागे राहिली की दोऱ्या धरते. राहिलीच तर वाळू द्यावी, उसळीला दाणा होतो. वालाची शेंग शिरा काढून दाण्याच्या कुटात करा. त्याचा जून, सुका दाणा मात्र कच्चा किंवा अर्धकच्चा खाऊ नये, त्यात अपायकारक कडू द्रव्य असते. रात्रभर भिजवून ते पाणी टाकावे, नव्या पाण्यात चांगला शिजवावा. कोकणातल्या बाया मोड आणून, सोलून वालाचे बिरडे करतात, त्यामागे हेच शहाणपण आहे.

आणि आपली येळवस? वेळ अमावास्येला रानात भज्जी शिजते तेव्हा ओल्या तुरीबरोबर, हरभऱ्याबरोबर वालाचा ओला दाणा ऐन भरात असतो. त्या दिवशी तरी शेंगा विकत आणून भज्जी करण्याची पाळी येऊ नये.

मग लावायचे काय?

आमचे मत स्पष्ट आहे. जागा एकाच आळ्यापुरती असेल आणि उन्हाळ्यात पाण्याची खात्री नसेल, तर वाल लावा. पावसावर वाढेल, थंडीत देईल, उन्हाळ्यापूर्वी मोकळा होईल. मांडवाचा व्याप नको, भाड्याच्या किंवा अडचणीच्या जागेत आहात, चटकन भाजी हवी, तर चवळी. दोन्हींना जागा असेल तर निवड करूच नका : जूनमध्ये दोन्ही टोका, श्रावण-भाद्रपदात चवळी खा, दिवाळीपासून वाल खा, आणि वाल सरत येताना, पाणी असेल तर, पुन्हा चवळी टोका. वाल जोमदार असेल तर छाटून खोडवाही ठेवता येतो.

बी दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. दोन्हींचे बी घरचे धरता येते. निरोगी वेलावरच्या चांगल्या शेंगा खुणेची चिंधी बांधून राखा, वेलावरच वाळू द्या, दाणे कडक उन्हात वाळवून राखेत कालवून गाडग्यात ठेवा. चवळीला भुंगा लवकर लागतो, तिच्याकडे आधी लक्ष द्या.

ऊस आपल्याला बिल देतो. पण शेजारीण दारात आली की तिच्या पदरात घालायला ओंजळभर शेंगा परसच देते. या मृगात प्रत्येक सभासदाच्या दारी निदान एक आळे व्हावे, एवढीच आमची विनंती.