सक्ती कोणावर?

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना वाटेत इच्छापोर लागते. पूर्वीचे हे शेतकऱ्यांचे खेडे. आता तेथे हिरे-जवाहिरांची औद्योगिक वसाहत झाली आहे, आणि पुढे हजिऱ्यास मोठमोठे कारखाने उभे आहेत. पोटामागे नाना प्रांतांची कुटुंबे सुरतेच्या आसमंतात येतात. त्यांत आपले खानदेशी बांधवही पुष्कळ. त्यांची मुले शाळेत बसतात, तेव्हा कैकांची घरची भाषा एक आणि पाटीवरची दुसरी असते.

चोऱ्यासी तालुक्यातले हे गाव पूर्वी इंग्रजी अमलात होते. तापीच्या काठाने वर गेले की कठोर, कामरेज ही गावे मात्र गायकवाडी. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्यास लागू केला. नदी तीच, पण मुलाचे भाग्य सरहद्दीवर बदलत होते!

नामदार गोखल्यांनी हाच बडोद्याचा दाखला देऊन १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात विधेयक आणले. दोन तृतीयांश खर्च सरकारने सोसावा आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी, अशी त्यांची मागणी होती. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. म्हणजे गाठ पडली ती तिजोरीशीच.

आज कायदा आहे. २००९ साली तो संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पण त्यातील हिशेब पाहा. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील, तर शिक्षक दोन. वर्ग पाच, गुरुजी दोन! जनगणना आणि निवडणूक ही कामे त्याच कायद्याने शिक्षकांकडे ठेवली आहेत. एक गुरुजी तिकडे गेले की उरलेल्या एकाने पाचही वर्ग सांभाळावयाचे. मग ज्या मुलास शाळेची भाषाच कळत नाही, त्याच्याजवळ घटकाभर बसावे कोणी? मूल मागे पडते, आणि ठपका गुरुजींवर येतो.

कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चावेत, असे १९६६ सालीच सांगितले होते. ती मजल आपण अद्याप गाठलेली नाही. जादा शिक्षक, परभाषी मुलांसाठी मदतनीस, कारकुनी कामास वेगळा माणूस, या गोष्टी चैनीच्या नव्हेत.

आपण जुनी बडोदेकर घराणी महाराजांचे नाव अभिमानाने घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु महाराजांनी मुलांवर सक्ती केली, तेव्हा त्यांच्या शिक्षणाचा भार राज्याच्या खजिन्यावरही घातला, हे आपण विसरतो. पालकावरची सक्ती सोपी असते, तिजोरीवरची अवघड. मते मागावयास जे दाराशी येतात, त्यांना आपण रस्त्याचे विचारतो, पाण्याचे विचारतो. शाळेत शिक्षक किती, हेही एकदा विचारावयास नको काय?